एकाच इंजिनाच्या दोन वाटा

मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीने ३० ऑक्टोबर २०२३ रोजी रस्ता सोडला, तेव्हा तिच्यावर भरपूर लिहून आले. छपरावरचे कॅरिअर, आतली भडक सजावट, स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा, साऱ्यांची आठवण निघाली. बॉनेटखालच्या इंजिनाबद्दल मात्र फारसे कोणी बोलले नाही. या इंजिनाचे कूळ शर्यतीच्या मैदानातून आलेले आहे, असे सांगितले तर पुष्कळांना हसू येईल. पण ते खरे आहे, आणि निदान आम्हा सोलापूरकरांनी तरी ती कहाणी समजून घ्यायला हवी. कारण ही गाडी बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे संस्थापक वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरातच झाला.

१९३७ मध्ये इटलीतल्या फियाट कंपनीने मध्यमवर्गीय कुटुंबासाठी एक गाडी आणली. तिचा रचनाकार होता दान्ते जाकोझा. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची चाल ७५ मिलिमीटर. एकूण १०८९ सीसी. ताकद ३२ अश्वशक्ती. यात शर्यतीचे काही नव्हते. महायुद्ध संपले तेव्हा इटली उद्ध्वस्त झाला होता. तरी तूरिनच्या पिएरो दुझिओ या उद्योजकाने ठरवले, की रोजच्या फियाटचे सुटे भाग वापरूनच शर्यतीची गाडी बांधायची. आराखडा जाकोझाचाच. तिचे नाव चिझितालिया डी-४६.

इंजिन तेच ठेवून त्यांनी केले काय? सिलिंडरमधले मिश्रण अधिक दाबले, म्हणजे त्याच इंधनातून जास्त जोर मिळतो. हवा आत येण्याची आणि धूर बाहेर जाण्याची वाट मोकळी केली. इंजिनालाही दमदार श्वास लागतो. तेल खालच्या तसराळ्यात न ठेवता वेगळ्या टाकीत ठेवून पंपाने फिरवले, त्यामुळे भरधाव वळणावर ते एका बाजूला जाऊन बेअरिंग कोरडी पडेनात. सांगाडा पोलादी नळ्यांचा, हलका. ताकद साठीच्या घरात गेली. १९४६ च्या सप्टेंबरात तूरिनच्या शर्यतीत दुझिओ स्वतः पहिला आला. पुढच्याच वर्षी चोपन्न वर्षांच्या ताझिओ नुव्होलारीने याच अकराशेच्या इंजिनाची चिझितालिया हजार मैलांच्या ‘मिल्ले मिलिया’त दुसरी आणली, पुढे होती ती जवळजवळ तिप्पट क्षमतेची आल्फा रोमिओ.

यावर कोणी म्हणेल, इंजिन त्यांचेच होते, आपण तर परवान्यावर बनवत होतो. पण फ्रान्समधली सिम्का कंपनीही फियाटच्याच परवान्यावर गाड्या बनवत होती. त्याच इंजिनांवर हात चालवून आमेदे गोर्दिनीने शर्यतीच्या गाड्या उभ्या केल्या. परवाना हातात असला म्हणजे हात बांधले जातात असे नाही.

आपल्याकडे प्रीमियरची स्थापना १९४४ ची. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या साह्याने आणि नंतर फियाटच्या साह्याने गाड्या बनू लागल्या. खुद्द फियाटने १९५३ मध्ये १०८९ सीसीचीच पन्नास अश्वशक्तीची आवृत्ती काढली आणि १९६९ मध्ये ‘१२८’ आणून नव्या रचनेच्या इंजिनाकडे मोर्चा वळवला. आपली पद्मिनी मात्र त्यानंतरही तीसेक वर्षे त्याच १०८९ सीसीवर आणि चाळीसेक अश्वशक्तीवर चालत राहिली. १९८५ मध्ये कंपनीने नवी ‘११८ एनई’ काढली, तेव्हा इंजिन घेतले ते निस्सानचे.

याचा सारा दोष कारखान्याला देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. वाहनकर्जाच्या फायली हाताळताना मला एक गोष्ट नेहमी खटकायची. कागदावर आम्ही गाडीचा दरवर्षी घसारा धरायचो, बाजारात मात्र जुन्या गाडीची किंमत हटून बसलेली असायची. नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहायची, म्हणून जुनीला भाव. जिथे जुना माल नव्याच्या तोलाने विकला जातो, तिथे माल सुधारायची गरज कोणाला वाटणार? उत्पादनाचा आकडा सरकार ठरवणार आणि गिऱ्हाईक रांगेत उभे राहणार, अशी ती व्यवस्था होती. त्यात इंजिन सुधारण्यापेक्षा परवाना सांभाळणे महत्त्वाचे ठरले.

अक्कल नव्हती असे मात्र नाही. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर फेरफार केलेल्या फियाट शर्यतीत धावत. आमच्याकडच्या गॅरेजमधले मिस्त्री नुसत्या आवाजावरून व्हॉल्व्हचे दुखणे ओळखत. बोअर करून, पिस्टन बदलून, लेथवर लागेल तो तुकडा पाडून त्यांनी ही इंजिने दोन-दोन, तीन-तीन आयुष्ये जगवली. पण दुरुस्ती आणि सुधारणा यांत फरक आहे. दुरुस्ती यंत्राला पूर्वपदावर आणते, सुधारणा त्याला पुढे नेते. पहिले काम आम्ही उत्तम केले. दुसरे करण्याची संधी त्या मिस्त्रीला मिळाली नाही, कारण त्याचे शहाणपण कारखान्याच्या ड्रॉइंग बोर्डापर्यंत पोचण्याची वाटच नव्हती. चिझितालियात इंजिनाचा रचनाकार, पैसा लावणारा आणि शर्यत धावणारा एका टेबलाशी बसले होते.

आज गाड्यांना रांग नाही, परवान्याचे राज्यही गेले. पण मिस्त्री गॅरेजमध्ये आणि पदवीधर वर्गात, ही फाळणी तशीच आहे. सोलापुरात १९८३ पासून वालचंदांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. भंगारात निघालेले एखादे १०८९ सीसीचे इंजिन तिथे टेबलावर चढवावे. चार विद्यार्थी आणि गावातला एक जुना मिस्त्री यांना त्याभोवती बसवावे. मिस्त्रीला मानधन द्यावे आणि बसायला खुर्चीही. काम एकच: चाळीसचे साठ करून दाखवा. एवढ्याने मोटारउद्योग बदलणार नाही. पण इंजिन उघडणारा हात आणि ते कागदावर मांडणारा हात यांची ओळख होईल, आणि हे काम आपण फार वर्षे लांबवले आहे.