मीठ चाखलंत, आता मिठागराचं बोला

मंडळी, तिकिटं निघाली असतील. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात शाळा बंद झाल्या की टोरांटोच्या पिअर्सन विमानतळावर मुंबईच्या रांगेत ओळखीचे चार चेहरे दिसतातच. बॅगेत मेपल सिरप आणि भाचरांसाठी हुड्या, फोनमध्ये यादी : काय बघायचं, काय खायचं, कुणाकडे जेवायला जायचं टाळायचं. या यादीत अलीकडे एक नवी नोंद दिसते. ठाणे खाडीतली होडीची सफर. भांडुपच्या उदंचन केंद्राच्या बाजूने किंवा पलीकडून ऐरोलीहून होडीत बसायचं, खारफुटीतून जायचं, फ्लेमिंगो बघायचे, वाटेत मिठागरं बघायची. आधी सांगून ठेवलं तर काठावर परतल्यावर तांदळाची भाकरी, तळलेले बोंबील, सोलकढी, आणि एका वाटीत चाखायला खडे मीठ.

गेल्या जानेवारीत मी जाऊन आलो. सफर उत्तम होती हे आधीच सांगतो, म्हणजे हा माणूस प्रत्येक गोष्टीला नाक मुरडतो असं तुम्हाला वाटायला नको. होडीवाला त्याच काठावरचा, चाळिशीचा. भरतीचं पाणी बांधातून कसं आत घेतात, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत उन्हाने ते कसं दाट करतात, शेवटच्या वाफ्यात खडे धरायला लागले की लाकडी फळीने कसं ओढतात, हे त्याने हातवारे करून सांगितलं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात जेमतेम पस्तीस ग्रॅम क्षार असतात. म्हणजे मिठाच्या एका पोत्यामागे किती पाणी उन्हात आटवायचं, त्याचा हिशेब तुम्हीच करा. दिवाळीनंतर चिखल तुडवून वाफे घट्ट करायचे, पाऊस येईपर्यंत मीठ काढायचं. अवकाळी सर आली की पंधरा दिवसांचं काम एका रात्रीत विरघळतं. मजुरी करणारे बहुतेक हंगामापुरते येतात, त्यांत पालघरकडची आदिवासी कुटुंबं बरीच.

मी विचारलं, "आता किती आगरं चालू आहेत?" तो म्हणाला, "दादा, बघायला आहेत तेवढी बघून घ्या." त्याचे वडील आगरावर होते. तो हिवाळ्यात होडी चालवतो आणि पावसाळ्यात एका टॉवरच्या गेटवर रखवालदार असतो.

मीठ चाखलं. किंचित करडं, आधी खारट आणि मग जिभेच्या मागच्या बाजूला जरासं कडवट. सगळ्यांनी वा वा केली. फोटो काढले. संध्याकाळी मुलुंडला धाकट्या भावाच्या घरी गेलो, आणि त्याने टेबलावर जो माहितीपत्रकाचा कागद ठेवला तो मी आधी पाहिलेला होता. मिसिसागात, आपल्याच एका कार्यक्रमात, बटाटेवड्याच्या रांगेशेजारच्या स्टॉलवर. पूर्व उपनगरात टॉवर, तीन बेडरूम, "खाडीचं अखंड दृश्य". चित्रात बाल्कनीत उभं जोडपं आणि खाली गुलाबी पक्षी. पक्ष्यांच्या पायाखाली जे चकाकत होतं ते पाणी त्याच पट्ट्यातलं होतं, जिथे मी सकाळी मीठ चाखलं. आणि त्या स्टॉलवर "इच्छुक" म्हणून माझं नाव मी स्वतः लिहून आलो होतो.

माझं म्हणणं सरळ आहे. मिठागराची चव घ्यायला पैसे देणारे आणि मिठागर नाहीसं करणाऱ्या बाजाराला पैसे पुरवणारे, ही दोन वेगळी माणसं नाहीत. ती आपणच आहोत. सफरीचे काही हजार रुपये देऊन आपण परंपरेला हातभार लावल्याचं समाधान मिळवतो, आणि त्याच सुट्टीत बंद ठेवायच्या फ्लॅटसाठी कोटीच्या गोष्टी करतो. या दोन रकमांतली कुठली रक्कम त्या जमिनीचं भवितव्य ठरवणार आहे, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

आता तुम्ही म्हणाल, टॉवर मिठागरावर नाही, कडेला आहे. खरं आहे. पण कडेच्या जमिनीचा भाव चढला की मधल्या जमिनीला "पडीक" म्हणायला सुरुवात होते. मुंबईची मिठागरं बहुतांशी केंद्र सरकारच्या मीठ आयुक्तांच्या अखत्यारीतली. ती पिढ्यान् पिढ्या ठेक्याने धरणाऱ्यांना शिलोत्री म्हणतात. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंडमधली मिळून २५५.९ एकर मिठागराची जमीन धारावी पुनर्विकासातल्या घरांसाठी घेण्याचा निर्णय केला. सरकारी बाजूचा युक्तिवाद असा, की पूर्व द्रुतगती मार्ग झाल्यापासून या जमिनींवर भरतीचं पाणी येत नाही, मीठही पिकत नाही, मग अडचण काय?

अडचण पाण्याची आहे. भरतीचं पाणी अडलं म्हणून आभाळातलं थांबत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आपल्यातले कितीतरी जण त्या रात्री इथे फोन लावून लावून थकले होते. सखल, मोकळी, बांधबंदिस्ती केलेली जमीन अशा दिवशी पाणी धरून ठेवते. तिथे भराव घातला की ते पाणी शेजारच्या चाळीत जातं. आणि घरं कोणाला द्यायची? धारावीत ज्यांना अपात्र ठरवलं त्यांना. धारावीच्या माणसाला घर मिळालंच पाहिजे, त्यात वाद नाही. पण शहराच्या मध्यावरची त्याची जमीन काढून घ्यायची आणि त्याला पाणी साचण्याच्या जागी पाठवायचं, याला घर देणं म्हणायचं की जागा बदलून देणं? आणि एकदा त्या पट्ट्यात गरिबाच्या नावाने रस्ता, वीज, गटारं आली की पुढच्या तुकड्यावर कोणाचे टॉवर येतील, हे मुंबईत वाढलेल्या माणसाला मी काय सांगू?

दुसरा आक्षेप : देशातलं तीन चतुर्थांशाहून जास्त मीठ गुजरातेत होतं, मुंबईची आगरं बंद पडली तर कोणाच्या आमटीत मीठ कमी पडणार आहे? कोणाच्याच नाही. तुम्ही वाटीतून चाखलेलं ते मीठ तसंच्या तसं खाण्यासाठी विकताही येत नाही. आयोडीन नसलेल्या मिठाच्या अशा विक्रीला आपल्याकडे २००६ पासून बंदी आहे. आयोडीनला माझा विरोध नाही, कॅनडात तर १९४९ पासून टेबलावरच्या मिठात ते सक्तीचं आहे. पण परिणाम पाहा. आगरावरचं मीठ बर्फाला, कातड्याला, कारखान्याला, नारळाच्या बुंध्याला जातं, पडेल त्या भावाने. ते खाण्याचा मान फक्त होडीतून आलेल्या पाहुण्याला. पिकवणाऱ्याला भाव नाही आणि पाहुण्याला चव, हा कसला जिव्हाळा?

आगर हा शब्द आपल्या भाषेत उगाच नाही. आगर पिकवणारा तो आगरी. एका अख्ख्या समाजाचं नाव या कामावरून पडलं आहे. १९३० मध्ये वडाळ्याच्या आणि शिरोड्याच्या मिठागरांवर लोकांनी लाठ्या खाल्ल्या, त्या मूठभर मिठाच्या हक्कासाठी. जानेवारी १९८४ मध्ये उरण भागात जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर आले, गोळीबारात पाच माणसं गेली. नवी मुंबई ज्या भातशेतीवर आणि मिठागरांवर उभी आहे त्यांची ही किंमत होती. तिथल्या नव्या विमानतळासाठी डोंगर कापला, नदीचा प्रवाह वळवला. यापुढे आपल्यातले काही जण तिथेच उतरतील आणि टॅक्सीत बसून विचारतील, "इथे जवळपास काही अस्सल बघण्यासारखं आहे का?"

याचा शेवट कुठे होतो हे बघायला भारतात जायची गरज नाही. न्यूफाउंडलंडला जा. चार वर्षांपूर्वी आम्ही गेलो होतो. शतकानुशतकं तिथलं सगळं जगणं कॉड माशावर आणि तो खारवायच्या मिठावर चालत होतं. मीठ युरोपातून यायचं, कॅरिबियन बेटांवरच्या मिठागरांतून यायचं. गोव्यावर राज्य करणाऱ्या पोर्तुगालची जहाजंसुद्धा स्वतःचं मीठ भरून या पाण्यात यायची आणि कॉड खारवून घरी न्यायची. मग मोठमोठ्या यांत्रिक जहाजांनी समुद्र उपसला आणि २ जुलै १९९२ ला सरकारला कॉडची मासेमारी बंद करावी लागली. सुमारे तीस हजार लोकांचं काम गेलं. आज तिथे होडीची सफर आहे, खारवलेल्या माशाची चव आहे, आणि पाहुण्याला रमचा घोट पाजून कॉडच्या तोंडाचा मुका घ्यायला लावणारा विधी आहे. मीही घेतला. सगळे हसले. ज्याने मासा धरला होता तो म्हातारा बत्तीस वर्षं मच्छीमार होता.

त्या म्हाताऱ्याला मी दोष देत नाही. काम गेल्यावर त्याने कामाचा खेळ करून पोट भरलं, पर्याय काय होता? भांडुपच्या होडीवाल्यालाही दोष देत नाही. त्याचा धंदा चांगला चालो. फरक एवढाच, की न्यूफाउंडलंडचं काम मेल्यावर खेळ सुरू झाला. आपल्याकडे काम अजून धुगधुगतंय आणि आपण तिकीट काढून समोर बसलोय.

याच कॅनडात दुसरंही उदाहरण आहे. ऑन्टारिओत गोडरिचला ह्युरॉन सरोवराच्या तळाखाली, जवळपास अठराशे फूट खोल, मिठाची खाण आहे. जगातल्या सर्वांत मोठ्या भूमिगत मिठाच्या खाणींपैकी एक. तुमच्या ड्राइव्हवेवर, तुमच्या ४०१ वर हिवाळाभर पडणारं मीठ अशाच खाणींतून येतं. २०१८ मध्ये तिथल्या कामगारांनी वसंतात संप केला, तो जुलैपर्यंत चालला. लोक त्यांच्या बाजूने उभे राहिले ते खाण सुंदर दिसते म्हणून नव्हे. तिथे काम होतं, आणि कामाला दाम असतो हे त्यांना मान्य होतं म्हणून. आपण इथे मीठ हा उद्योग मानतो आणि तिकडे गेलो की तोच देखावा मानतो. हा दुटप्पीपणा सोडा.

तिसरा आक्षेप माझ्या भावाचा, आणि तो सर्वांत टोचणारा. मी सांगितलं, की मी या इमारतीत पैसे घालणार नाही, तेव्हा तो म्हणाला, "तू पंचवीस वर्षांपूर्वी गेलास. तुला तिथे चार बेडरूम आणि मागे अंगण. आम्ही वन-रूम-किचनमध्ये वाढलो तसंच पोरांनीही वाढायचं का? म्हणजे तुला दरवर्षी येऊन पक्षी बघता येतील?" जेवण तसंच राहिलं. अजूनही आमचं बोलणं जेवढ्यास तेवढंच आहे.

त्याचं बरोबर आहे. म्हणून हा लेख त्याच्यासाठी नाही. ज्याला राहायला घर हवं त्याला उपदेश करायचा मला अधिकार नाही. मी बोलतोय ते तुमच्याशी आणि माझ्याशी : ज्यांना तिथे राहायचं नाही, ज्यांच्या फ्लॅटला वर्षातले अकरा महिने कुलूप असतं, जे "निवृत्तीनंतर बघू" म्हणून घेतात आणि निवृत्तीनंतर नातवंडांसाठी मिसिसागातच राहतात. आपल्या कुलूपबंद घरांनी भाव चढवला की भावासारख्याला घर आणखी लांब जातं. म्हणजे त्याच्या घराच्याही आड आपणच येतो आणि मिठागराच्याही.

मग करायचं काय? सफर सोडा असं मी म्हणत नाही. जा, पण पैसे होडीवाल्याच्या हातात पडतील असं बघा, आणि त्याला फ्लेमिंगोंइतकेच प्रश्न आगराबद्दल विचारा. घर घेणारच असाल तर स्टॉलवरच्या माणसाला विचारा : खालची जमीन आधी काय होती? पावसाचं पाणी कुठे जाणार? "अखंड दृश्य" अखंड राहील हे करारात लिहून देता का? शेवटच्या प्रश्नाला मिळणारं उत्तर ऐकण्यासारखं असतं. आणि महाराष्ट्र मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनो, स्टॉलचं भाडं घेण्याआधी हेच प्रश्न तुम्ही विचारा. नाटकाचा खर्च बिल्डरच्या पैशाने निघतो हे मला ठाऊक आहे. तरीही विचारा.

पंगतीत पानावर पहिलं मीठ वाढतात. खाल्ल्या मिठाला जागावं असं आपण मुलांना शिकवतो, आणि त्यात कुणाचं मीठ हे महत्त्वाचं असतं. त्या वाटीतलं मीठ मी खाल्लं आहे. त्यानंतर आठवड्याभराने स्टॉलवाल्यांचा मुलुंडला फोन आला, "सर, फेब्रुवारीपर्यंत जुन्या दराने देतो." मी नाव काढायला सांगितलं. त्याने कारण विचारलं. मी म्हटलं, "मी तिथे राहणार नाही." तो हसला आणि म्हणाला, "सर, तिथे राहायला कोण घेतंय?"