माकणीहून मुंबईच्या विमानतळावर
तेरणेच्या धरणाशेजारच्या माकणीतून विमान गाठायचं म्हणजे आधी लातूर किंवा धाराशिवचं रेल्वे स्टेशन गाठणं आलं. रात्रीची लातूर-मुंबई गाडी सकाळी सीएसएमटीला सोडते, आणि तिथं टॅक्सीवाल्यांच्या हाकांकडे बिनदिक्कत कानाडोळा करावा. ऑक्टोबर २०२५पासून खालून भुयारी मेट्रो थेट विमानतळापर्यंत जाते. मात्र टी१ आणि टी२ ही दोन वेगळी स्टेशनं आहेत. तिकिटावर कोणतं टर्मिनल आहे ते गाडीतच पाहून ठेवा. चुकलात तर मेट्रोत वाचलेले पैसे रिक्षात जातात. मेट्रो रात्रभर चालत नाही, त्यामुळे पहाटेचं स्वस्त तिकीट बऱ्याचदा स्वस्त पडत नाही. खरी गोम वजनात. देशांतर्गत विमानात हातातल्या बॅगेला साधारण ७ किलोची मुभा, वरच्या प्रत्येक किलोला दंडच म्हणा ना. म्हणून निघण्याआधी बॅग आडतीच्या काट्यावर ठेवावी; हमाल हसतील, हसू द्या. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी खुशाल न्या, तपासणीत कुणी अडवत नाही. लोणचं मात्र हातातल्या बॅगेत नको, आणि खोबऱ्याच्या वाट्या तर घरीच ठेवा. सुकं खोबरं ज्वालाग्राही मालात धरतात. बाटली रिकामी न्यावी, तपासणीनंतर आत नळावर भरावी. तिथल्या चहाचा भाव मात्र विचारू नये. कोलकात्याला डिसेंबर २०२४मध्ये सरकारनं १० रुपयांत चहा देणारं उडान यात्री कॅफे काढलं, तेव्हा विमानतळावर चहा परवडतो ही बातमी झाली!