करून पाहा : शॉकअपमध्ये हवा किती?

मुलांनो, सायकलच्या ट्यूबमध्ये हवा असते, हे सगळ्यांना माहीत. पण डोंगरात चालवायच्या काही सायकलींच्या पुढच्या शॉकअपमध्येसुद्धा हवाच असते बरं का! साध्या शॉकअपमध्ये लोखंडी स्प्रिंग असते. भारी शॉकअपमध्ये तेच काम दाबून भरलेली हवा करते.

समजा, धुळ्याजवळ लळिंग किल्ल्याच्या पायथ्याशी खडकाळ वाटेवर सायकल नेली. हवा कमी असेल तर शॉकअप खाली आपटतो. जास्त असेल तर तो दबतच नाही, सगळे दणके मनगटांना!

मग भरायची किती? ते तुमच्या वजनावर. आधी पुस्तिकेत तुमच्या वजनापुढे दिलेला आकडा पाहून हवा भरा. नळीवरचं रबरी कडं खाली सरकवा. कुणाला तरी सायकल धरायला सांगा, अलगद बसा, अलगद उतरा. शॉकअप 100 मिलिमीटर दबणारा असेल, तर कडं सुमारे 20 मिलिमीटर वर गेलेलं दिसावं. जास्त गेलं तर हवा भरा, कमी गेलं तर सोडा.

पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर इथे लावू नका. आतली जागा इवलीशी, म्हणून काटा असलेला खास हातपंपच हवा.

आणि जळगावचं मे महिन्यातलं ऊन! आतली हवा 20 अंशांनी तापली, की दाब सुमारे 7 टक्के वाढतो. उन्हातली सायकल आधी सावलीत गार होऊ द्या, मगच मोजा.

आता सांगा पाहू, पाठीवर दप्तर घेऊन बसलात तर कडं कुठे जाईल?