आम्ही सगळ्या... म्हणजे नक्की कोण?

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका संपादकांच्या माथी! पण हे मला मराठीतच लिहायचं होतं, कारण ज्यांच्यामुळे सुचलं त्यांना इंग्रजी येत नाही.

मागच्या सेमिस्टरला आम्ही मुलींच्या होस्टेलची वेळ वाढवून मागितली. मुलं रात्रभर कुठेही फिरणार आणि आम्ही मात्र साडेसातला आत! खोल्या-खोल्या फिरून सह्या गोळा केल्या. वेळ दहाची झाली, आम्ही केक कापला. ८ मार्चच्या कार्यक्रमात मी भाषणही ठोकलं, ‘आम्ही सगळ्या एक आहोत’ वगैरे. टाळ्याबिळ्या मिळाल्या.

दुसऱ्या दिवशी बाथरूम धुणाऱ्या मावशी म्हणाल्या, "तुमचं काम झालं, चांगलं झालं ताई. पण आमची शेवटची बस साडेआठला जाते."

गेट उशिरा बंद होणार म्हणून संध्याकाळच्या मावशींनाही दहापर्यंत थांबायला सांगितलं होतं. आम्हाला रात्र मिळाली, आणि त्यांना त्याच रात्री अंधारातून वस्तीपर्यंत चालत जाणं. अर्ज लिहिताना त्यांना विचारायचं आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

रूममेट म्हणाली, "हा ड्यूटीचा प्रश्न आहे, ह्यात स्त्रीवाद आणि जात कुठून आली?" मग मी बघायला लागले. मेसमध्ये पोळ्या करणाऱ्या मावशी वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात. संडास-बाथरूमच्या तिघी मात्र एकाच वस्तीतून, आणि त्यांच्या सासवाही हेच काम करायच्या. योगायोग? आणि माझ्या खोलीत मी मावशींना चहा देते तो कायम प्लास्टिकच्या कपातून. माझ्या मगमधून कधीच नाही. मला हे कुणी शिकवलं नव्हतं. हात आपोआप तिकडे जातो, हेच भयंकर आहे.

आपण इंजिनिअर, तर एका मोटार कारखान्याची गोष्ट सांगते. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९६४ च्या आधी कृष्णवर्णीय बायकांना जवळजवळ घेतलंच नव्हतं. पुढे मंदी आली, आणि ‘जे शेवटी आले ते आधी बाहेर’ या नियमाने त्याच बाहेर पडल्या. पाच जणी कोर्टात गेल्या. १९७६ च्या निकालात कोर्ट काय म्हणालं? कंपनी बायकांना आधीपासून घेते (गोऱ्या का असेनात!), म्हणजे बाई म्हणून अन्याय नाही. वंशभेदाची तक्रार असेल तर ती वंशभेदाच्या दुसऱ्या दाव्याला जोडा. दोन्ही मिळून वेगळी तक्रार? तशी सोय कायद्यात नाही!

पहिल्या वर्षाचा अँड गेट आठवा. एका वेळी एकच इनपुट ‘१’ करून तपासलं तर आउटपुट शून्यच येणार. दोन्ही एकदम ‘१’ झाले तरच दिवा लागतो. कोर्टाने इनपुट सुटे सुटे तपासले आणि सर्किट ठीक आहे असं लिहून टाकलं. किंबर्ले क्रेनशॉ या कायद्याच्या प्राध्यापिकेने १९८९ मध्ये याच खटल्यावर लिहिलं. चौकात उभ्या असलेल्या बाईला दोन्ही रस्त्यांवरच्या गाड्यांची धडक बसू शकते, असं तिचं म्हणणं. मावशी त्याच चौकात उभ्या आहेत. फक्त आपल्याकडे एका रस्त्याचं नाव जात आहे.

आणि हे कळायला अमेरिकेला जायची गरजच नव्हती. १८५५ मध्ये, सावित्रीबाई-जोतीरावांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांग मुलीने ‘ज्ञानोदय’मध्ये निबंध लिहिला होता. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, थंडीपावसात त्यांचे काय हाल होत असतील ते स्वतःच्या अनुभवावरून ताडून बघा, असं तिने विचारलं होतं. बाळंतपण सगळ्या बायकांचं, पण छप्पर सगळ्यांना नाही! माझ्या शाळेत आम्हाला परदेशातल्या किती थोर बायकांचे धडे होते, पण मुक्ताचं नाव मी विसाव्या वर्षी ऐकलं. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांवर पुस्तक लिहिलं (१९८९), त्याचं नाव ‘आम्हीही इतिहास घडवला’. त्या ‘ही’मध्ये सगळं आलं. त्या बोलतच होत्या, आपलं लक्ष नव्हतं.

काही जण म्हणतील, जात काढली की बायकांमध्ये फूट पडते. अहो, फूट माझ्या टेबलावर आधीच होती. एका बाजूला मग, एका बाजूला प्लास्टिकचा कप. मी फक्त ती बघितली. अर्जाला मी चूक म्हणत नाही, आमची वेळ वाढायलाच हवी होती. पण ‘आम्ही सगळ्या’ म्हणायचा हक्क सगळ्यांना विचारल्यावरच मिळतो.

आता दुसरा अर्ज तयार आहे. संध्याकाळच्या मावशींना साडेआठच्या बसआधी सोडावं, किंवा दहाला कॉलेजच्या गाडीने घरी पोचवावं. मजकूर त्यांनीच सांगितला, मी फक्त लिहून घेतला. सह्यांचा कागद माझ्या खोलीत आहे, मुलांनीही सही केली तर चालेल!

आणि हो, परवा मावशींना माझ्या मगमधून चहा दिला. त्या म्हणाल्या, "साखर कमी आहे." दोन वर्षं मी त्यांना तसाच चहा देत होते, तोपर्यंत त्या काहीच बोलल्या नव्हत्या.

– तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स