गावाला इतिहास नसतो म्हणे!

‘इतिहास शहरांना असतो, खेड्यांना केवळ लोकसंख्या असते,’ अशी एक आढ्यता आपल्या सुशिक्षित समाजात रूढ आहे. ती कोणी उघड बोलून दाखवत नाही, परंतु आपली पाठ्यपुस्तके आणि समारंभ तिची साक्ष देतात. नागपूर जिल्ह्यातील सावनेर तालुक्यातले खापा हे गाव या आढ्यतेला पुरून उरणारे उत्तर आहे.

कन्हान नदीच्या काठी वसलेल्या या गावाला १८६७ साली नगरपालिका मिळाली. त्याच वर्षी मुंबईहून निघालेली आगगाडी नागपूरला पोहोचली. या दोन घटनांकडे एकत्र पाहिले म्हणजे पुढच्या शतकाचा अर्थ लागतो. खाप्याची कीर्ती शेतीइतकीच हातमागाची होती. १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि नागपूर परिसरातील विणकरांचा दरबारी आश्रय संपला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि इंग्रज गिरणीवाल्यांची नजर वऱ्हाड-नागपूरच्या काळ्या जमिनीकडे वळली. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. मग गिरणीचे सूत विणकराच्या मागावर चढले आणि गिरणीचेच कापड बाजारात त्याच्यासमोर प्रतिस्पर्धी म्हणून उभे राहिले. ज्याच्याकडून कच्चा माल घ्यायचा, त्याच्याशीच झुंजायचे! जगाच्या अर्थकारणाचा हा धडा खाप्यासारख्या गावांनी धोट्याच्या खटखटाटात गिरवला. याला इतिहास म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे?

‘यंत्रापुढे हातमाग टिकणारच नव्हता, व्यर्थ गळा काढू नका,’ असे व्यवहारी सज्जन म्हणतील. त्यांना विचारावेसे वाटते की, मग १९८५ मध्ये संसदेने हातमागासाठी काही वाण राखून ठेवणारा कायदा कशासाठी केला? राखीव वाणांची संख्या प्रारंभी बावीस होती. पुढे ती अकरावर आणली गेली. २०१५ पासून ७ ऑगस्ट हा राष्ट्रीय हातमाग दिन म्हणून साजरा होतो आणि २०२० मध्ये अखिल भारतीय हातमाग मंडळ बरखास्त होते. हाराचा खर्च परवडतो, सुताचा परवडत नाही! जे नियतीच्या नावावर खपवले जाते, त्यातले पुष्कळसे माणसांनी घेतलेले निर्णय असतात.

इतिहास न लिहिण्याची किंमतही लहान नसते. नागपूर परिसरातील विणकरांपैकी अनेक कुटुंबांचा ‘हलबा’ की ‘कोष्टी’ हा वाद दशकानुदशके चालला. अनुसूचित जमातींची यादी जशी आहे तशीच वाचली पाहिजे, न्यायालयाने तिच्यात भर घालता कामा नये, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिला. निकालाच्या योग्यायोग्यतेत येथे शिरायचे नाही. सल आहे तो वेगळाच. जी माणसे पिढ्यान् पिढ्या ताणा-बाणा सांभाळत होती, त्यांना आपण कोण, हे जुन्या शाळेच्या दाखल्यांतील एका शब्दावरून सिद्ध करत फिरावे लागले. स्वतःची कथा स्वतः न लिहिणाऱ्या समाजाची कथा कारकुनाच्या दौतीतून उतरते.

अमेरिकेतील एखाद्या लहानशा शेतीगावाची शताब्दी आली म्हणजे गावकरी स्मरणग्रंथ काढतात. त्यात पहिली विहीर, पहिली शाळा, दुष्काळ, पूर, सारे नोंदवतात. आपण मात्र शताब्दीला कमान उभारतो आणि दुसऱ्या दिवशी ती उतरवतो.

खाप्याजवळ गुमगावच्या खाणीतून मँगनीज निघते, कन्हानचे पाणी नागपूर पिते. गावाकडून घेण्यास कोणाचा संकोच नाही. गावाविषयी जाणून घेण्याचा मात्र आळस आहे. हा आळस झटकायला शासकीय अनुदानाची वाट कशाला पाहावी? शाळेतील मुलांनी वह्या घेऊन वृद्ध विणकरांच्या ओसरीवर बसावे. फणी, कांडी, खळ हे शब्द आणि त्यांमागचे हात टिपून घ्यावेत. नगरपालिकेने आपली जुनी दप्तरे वाळवीच्या स्वाधीन न करता अभ्यासकांसाठी खुली करावीत. ओसरीवरची ती माणसे एकेक करून उठून चालली आहेत. त्यांच्या पश्चात वही उघडून काय उपयोग?