पडद्यावरचा मुसलमान आणि कागदावरचा सिनेमा

सिनेमा जायज की नाजायज, हा वाद आमच्या मोहल्ल्यात अजून मिटलेला नाही. वाद घालणाऱ्यांना मात्र शुक्रवारी कोणते चित्र लागले ते पाठ असते! असो. आमचा सवाल वेगळा आहे. पडद्यावरचा मुसलमान खोटा आहे म्हणून आपण निषेधाची पत्रके काढतो. तो खरा दिसला तेव्हा आपण काय लिहिले?

इस्मत चुगताईंच्या कथेवरून एम. एस. सथ्यूंनी १९७३ साली ‘गर्म हवा’ केला. फाळणीनंतर आग्र्यात राहिलेला, जोड्यांचा कारखाना चालवणारा सलीम मिर्झा आपल्यापैकी कितींना आठवतो? सईद मिर्झांच्या ‘नसीम’मध्ये (१९९५) कैफी आझमींनी रंगवलेले आजोबा मशीद पडली त्याच दिवशी जातात. त्यावर आपल्या किती अंकांत लेख आले?

असे सिनेमे तिकीटबारीवर जगत नाहीत. त्यांना जगवतात ती छोटी नियतकालिके. पॅरिसचे ‘काहिए द्यू सिनेमा’ १९५१ साली आंद्रे बाझां आणि त्यांच्या साथीदारांनी काढले. त्याने १९९५ मध्ये इराणच्या अब्बास कियारोस्तामींना मुखपृष्ठावर घेतले. त्यांच्या १९८७ च्या चित्रपटात एक पोर वर्गमित्राची चुकून आलेली वही परत करायला दुसऱ्या गावी धावते, कारण गृहपाठ वहीत नसला तर मास्तर त्याला शाळेतून काढणार. (असले मास्तर आमच्याही बिरादरीत आहेत.) ना नाच, ना मारामारी. पॅरिसच्या मासिकाला त्यात माणूस दिसला. भेंडीबाजारातल्या पोराची अशी गोष्ट कुणी पडद्यावर आणली, तर ती ओळखणारा कागद आपल्याकडे आहे का?

तो कागद स्वतंत्रही हवा. २०२० मध्ये ‘काहिए’ नव्या मालकांकडे गेले. त्यांत चित्रपट निर्मातेही होते. ज्यांच्या चित्रांची समीक्षा करायची, त्यांच्याच पगारावर? संपादक मंडळाने एकत्र राजीनामे दिले.

मराठीत हे काम अगदीच झाले नाही असे नाही. १९६८ साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रभात चित्र मंडळाने ‘रूपवाणी’ काढले. आपण मात्र वर्गणीही भरायची नाही, लेखही पाठवायचा नाही आणि आपल्यावर कुणी लिहीत नाही म्हणून रडायचे! उर्दूत लिहू म्हणणाऱ्यांनी जरूर लिहावे; पण आपला शेजारी मराठी वाचतो.

लग्नाच्या एका मंडपाच्या खर्चात असे मासिक किती महिने निघेल, याचा हिशेब समाजातल्या दानशूरांनी एकदा मांडावा. पैसे द्यावेत. संपादकाला फोन मात्र करू नये.