पूर्वपक्षाची तालीम

मिरजोळ्याहून रत्नागिरीस शाळेंत जाणारी आमची नात गेल्या श्रावणांत रडकुंडीस येऊन आमच्यापुढें उभी राहिली. शाळेंत संयुक्त राष्ट्रसंघाची नमुना-सभा भरावयाची होती. मुलें तिला ‘एमयूएन’ म्हणतात. विषय पृथ्वीच्या वाढत्या उष्णतेचा, आणि चिठ्ठ्या टाकून देश वांटले त्यांत हिच्या वांट्यास सौदी अरेबिया आला. “आजोबा, अवेळीं पाऊस पडून आपला मोहोर गळतो, आणि मीं तेलवाल्यांची बाजू मांडायची? हें खोटें बोलणें नव्हे का?”

प्रश्न रास्त होता. परंतु ज्या वाचकांच्या घरीं असा प्रसंग येईल त्यांच्यासाठीं आधीं या सभेची रीत सांगतों.

राष्ट्रसंघाचे सभासद १९३ देश. आमसभेंत लहानमोठ्या प्रत्येकास एकच मत. या खेळांत प्रत्येक विद्यार्थी एका देशाचा प्रतिनिधि होतो. आपल्या देशाचें म्हणणें त्यानें आधीं थोडक्यांत लिहून काढावयाचें. सभेंत देशाच्या नांवाची पाटी उंचावून बोलण्याची परवानगी मागावयाची. अध्यक्ष क्रम लावून देतात. वेळ एखाददुसऱ्या मिनिटाचा, आणि ‘मला वाटतें’ असें न म्हणतां ‘सौदी अरेबियाचें म्हणणें असें’ म्हणावयाचें. मग एकेका पोटविषयावर चर्चा होते. त्यानंतर कांहीं वेळ सर्वजण जागा सोडून घोळके करतात आणि ठरावाचे मसुदे रचतात. इतर देशांच्या ठराविक सह्या मिळाल्यावांचून मसुदा सभेपुढें येत नाहीं. पुढें उपसूचना, आणि शेवटीं मतदान. सुरक्षा परिषदेचा खेळ असल्यास सभासद १५. त्यांतील पांच कायम सभासदांपैकीं एकानेंही विरोधी मत दिलें तर महत्त्वाचा ठराव बारगळतो.

आतां नातीचा प्रश्न. आम्हीं तिला न्यायशास्त्रांतील भेद सांगितला. तत्त्व कळावें म्हणून चालतो तो वाद. जिंकण्यासाठीं चालतो तो जल्प. स्वतःचा पक्ष न मांडतां केवळ दुसऱ्याचें खंडन करणें ती वितंडा. आपले शास्त्रकार प्रतिपक्षाचें म्हणणें ‘पूर्वपक्ष’ म्हणून आधीं मांडीत आणि मगच त्यास उत्तर देत. मांडणें म्हणजे मान्य करणें नव्हे.

एवढें शहाणपण सांगून आम्ही स्वतः मात्र जल्पांतच शिरलों. जन्मभर वक्तृत्वस्पर्धांसाठीं मुलें तयार केलेलीं! एक खणखणीत भाषण आम्हींच लिहून दिलें. पहिल्या दिवशीं टाळ्या पडल्या. परंतु मसुदा रचण्याची वेळ आली तेव्हां तिच्याजवळ एकही देश फिरकला नाहीं. सायंकाळीं ती मुकाट्यानें घरीं आली. चूक आमची होती, आणि ती आम्हीं तिच्यापाशीं कबूल केली.

त्या रात्रीं आमचा कागद बाजूस ठेवून ती शेजारच्या काकूंकडे गेली. त्यांचे यजमान कैक वर्षें आखातांत नोकरीस आहेत. काकूंचें घर, मुलांचें शिक्षण, सासूबाईंचें औषध, सारें त्या पैशावर. या जिल्ह्यांत अशीं घरें थोडीं नाहींत. ‘तेलाचा धंदा बसला तर?’ या प्रश्नावर काकू बराच वेळ कांहींच बोलल्या नाहींत.

दुसऱ्या दिवशीं नात आवाज न चढवितां बोलली. १९६० सालीं बगदाद येथें ‘ओपेक’ स्थापणाऱ्या पांच देशांत सौदी अरेबिया होता, व तेलावरच त्याचा संसार उभा राहिला, हें तिनें सांगितलें. धूर कमी करण्यास विरोध नाहीं. परंतु दुसरे उद्योग उभारण्यास अवधि हवा, आणि परदेशी कामगारांसही नवें काम शिकविण्याची सोय हवी. हें ऐकून मालदीवचा प्रतिनिधि आपण होऊन तिच्याजवळ येऊन बसला. मालदीवची भूमि समुद्रसपाटीपासून सरासरी दीड मीटरच उंच. त्यास अवधि देणें परवडणारें नव्हतें. अवधि किती, यावर दोघें तासभर भांडलीं. अखेर दोघांच्या नांवांचा एक मसुदा झाला. तो दोन मतांनीं पडला.

पालकांस आमचें इतकेंच सांगणें कीं, मुलांस नकाशा द्यावा, वर्तमानपत्र द्यावें, माणसांकडे पाठवावें. भाषण मात्र लिहून देऊं नये. बक्षीस दुसऱ्याच कोणास मिळालें. आमची नात आजही तेलाच्या विरुद्धच आहे. परंतु तसें बोलतांना आतां तिची नजर काकूंच्या घराकडे जाते.